सव्वा मिनिटातलं वेड

नारबा मास्तर भोरच्या शाळेत तिसरीला शिकवत आणि शेजारच्या खोलीत चौथीची उजळणी होई, इतका त्यांचा आवाज मोठा. चौथीचा मास्तर मी. वाईहून नुकताच आलेलो, अंगात नवा कोट आणि डोक्यात शिस्तीच्या कल्पना. पहिल्याच आठवड्यात तक्रार घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "जोशी मास्तर, तुमची पोरं मागलं काही इसरली का?"

"नाही."

"मग माझे आभार माना," असं म्हणून त्यांनी खिशातून मूठभर भाजलेले शेंगदाणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. तक्रार तिथंच संपली.

माणूस चणीनं इतका लहान, की एवढा आवाज येतो कुठून याचं नवख्याला नवल वाटे. गाव मार्गासनीचं, वेल्ह्याच्या वाटेवरचं. घरी भातशेती. शाळेत पुस्तकी मराठीच बोलायची असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला होता. राग आला, आनंद झाला किंवा भूक लागली की तो मोडायचा, म्हणजे दिवसातून बराच वेळ मोडलेलाच असायचा.

त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात एक घड्याळ होतं आणि त्याच्यावर ते जगातली प्रत्येक गोष्ट मोजत. पाणी प्यायला गेलेला मुलगा किती वेळानं परतला, हेडमास्तरांचं भाषण किती चाललं, कीर्तनात बुवा मूळ अभंगापासून किती वेळ लांब राहिले. बुवांना एकदा त्यांनी समोर जाऊन आकडा सांगितला होता. बुवा पुढच्या वर्षी दुसऱ्या आळीत उतरले.

अजून एक सवय मला बऱ्याच उशिरा लक्षात आली. पोरांना शिव्या देण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाढव, दगड, माठ, भोपळा, सगळं चाले. पण 'वेडा' हा शब्द त्यांच्या तोंडून कधी आला नाही. एका पोरानं दुसऱ्याला 'येडपट' म्हटलं, तेव्हा त्याला उभं करून म्हणाले, "त्याचं गणित चुकलंय. गणित चुकल्याला नाव हाय, माठ. त्ये वापर."

त्या काळी भोरात मुका सिनेमा नवा होता. बाजारच्या दिवशी दुपारी पत्र्याच्या थेटरात खेळ व्हायचा. खिडक्यांना धनगरांकडून आणलेल्या घोंगड्या लावून अंधार करत, त्यामुळे सिनेमाला मेंढरांचा वास असायचा. पडद्यावर मधूनमधून लिहिलेली पाटी येई आणि बाजाराला आलेल्या बहुतेकांना ती वाचता येत नसे. ती मोठ्यानं वाचायला मालक तुळशीरामशेठना माणूस हवा होता. त्यांनी रस्त्यावर उभं राहून तिसरीचा वर्ग ऐकला आणि शोध संपला.

मास्तर पडद्याशेजारी स्टुलावर उभे राहून पाट्या वाचायला लागले. दुसऱ्या खेळापासून पाट्यांच्या मधलंही बोलायला लागले. झोपलेल्या राजकन्येमागून कपटी मंत्री सुरा घेऊन आला की मास्तर ओरडत, "उठ गं बाये, उठ!" मग सगळं थेटर ओरडे. राजकन्या एकदा अगदी त्याच क्षणी उठली, तेव्हा बायांनी मास्तरांकडे असं बघितलं की जणू त्यांनीच तिला हलवून उठवलं. वरव्याहून, शिवऱ्याहून बाजाराला येणारी माणसं विचारू लागली, "आज शिणेमात मास्तर हायेत का?" सिनेमा कुठला, हे नंतर विचारत.

अशात एक ऐतिहासिक चित्रपट आला. आमच्याच खोऱ्यातल्या एका सरदारांवर होता. पेशवाईच्या शेवटच्या दिवसांतले ते. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण त्यांचे वंशज आहेत आणि भांडखोर आहेत. इकडे त्यांना 'धाकटे सरकार' म्हणत, तेवढं पुरे. सरकारांना मधूनमधून काहीतरी व्हायचं, हे खोऱ्यात सगळ्यांना ऐकून ठाऊक होतं. चित्रपटवाल्यांनाही ते कुठून तरी कळलं होतं, आणि त्यांनी त्याचा पुरता सण केला होता.

त्या दुपारी थेटर तुडुंब भरलं होतं. पहिल्या रांगेत, जमिनीवर, मास्तरांचे थोरले भाऊ गणपादादा आणि त्यांची बायको कोंडावहिनी बसली होती. दोघं बाजाराला आली होती आणि धाकट्याचा पराक्रम बघायला म्हणून मुद्दाम थांबली होती. गणपादादा उंच, रुंद खांद्यांचे, हसरे. हे दोघं सख्खे भाऊ, हे सांगूनही पटलं नसतं.

अर्धा खेळ बरा गेला. मग सरकारांना मुलगा लढाईत पडल्याची खबर आली. सरकारांनी छातीवर हात ठेवला, डोळे गरागरा फिरवले, पागोटं भिरकावलं. बघता बघता केस मोकळे सुटून पिंजारले, डोळे तारवटले आणि ते नाचायला लागले. मास्तरांनी सवयीनं घड्याळ काढलेलं मला दिसलं. खबरीपासून नाचापर्यंत सव्वा मिनिट झालं होतं.

थेटर हसून लोटपोट झालं. खरं सांगतो, मीही हसलो. सरकार झुंबराला लोंबकळले तेव्हा तर शिट्ट्या वाजल्या. आणि मागून कुणीतरी मोठ्यानं ओरडलं, "आरं गणपा, ह्यो तर तुजाच फोटू की रं!"

हशा दुप्पट झाला. पहिल्या रांगेत गणपादादांची मान खाली गेली. कोंडावहिनीनं त्यांचा हात धरला आणि सगळ्यांसमोर तो आपल्या मांडीवर ठेवून घेतला. पडद्यावर पाटी आली. मास्तर वाचेनात. पाटी गेली, दुसरी आली. तीही गेली. लोक चुळबुळायला लागले.

"ह्या पाट्या म्या वाचत न्हाई," मास्तर म्हणाले. "खोट्या हायेत."

पुढच्या खुर्चीवरचे कचेरीतले एक कारकून उठून म्हणाले, "अहो मास्तर, पाटीवर स्पष्ट लिहिलंय!"

"लिहिलं असंल. माझ्या वर्गात रोज चाळीस पोरं पाट्यांवर चुकीचं लिहितात. बसा खाली."

आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. त्यांचा पणजा सरकारांच्या पागेत होता. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ते सांगत होते. "सरकार असे नाचले न्हाईत. पोरगा जायच्या आधी वरीसभर त्यांची झोप गेली व्हती. कुणाला कळलं न्हाई, कारण ते कामं दुप्पट करायला लागले व्हते. लोक म्हनले, वा, काय हुशारी! मग पोरगा गेला, आन् ते माडीवर जाऊन बसले. चार महिने खाली आले न्हाईत. बाईसाहेब ताट घिऊन वर जायच्या आन् तसंच माघारी आणायच्या. कारभार त्यांनीच बघितला. चार महिन्यांनी एका सकाळी सरकार म्हनले, आज ताक हाय का? त्या दिवशी वाड्यात साखर वाटली."

पडद्यावर सरकार पडदे पेटवत होते. मास्तर सांगत होते, सरकार गप बसून आहेत. लोकांचे डोळे पडद्याकडे होते आणि कान मास्तरांकडे. हळूहळू हसू थांबलं. त्यांनी कानावर विश्वास ठेवला होता.

शेवटी पडद्यावरच्या सरकारांनी कड्यावरून उडी टाकली. मास्तर म्हणाले, "पडले न्हाईत. पुढं सोळा वर्सं जगले. खालच्या अंगाचा बंधारा कुनी बांधला? ह्यांनीच. सोळातली बारा चांगली गेली, चार वाईट. कुणाची जात न्हाईत?" थोडं थांबून ते म्हणाले, "ह्यो गणपा. माझा थोरला भाऊ. दोन वर्सांमागं त्योबी सहा महिने बोलला न्हाई. आता बोलतो. कुणाला काय इचारायचं असंल, त्यालाच इचारा. त्याच्या पाठीमागं नगं."

मग मागच्या एका म्हाताऱ्यानं खाकरून विचारलं, "गणपा, यंदा भात कसं हाय?"

गणपादादा वळले. "बरं हाय. करपा न्हाई पडला."

"आमच्याकडं पडला."

"राख मारा," गणपादादा म्हणाले, आणि सगळ्या थेटरानं श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मात्र वारं फिरलं होतं. दोन बाप हेडमास्तरांकडे आले. मास्तरांच्या घराण्यात वेड आहे, आमची पोरं त्यांच्या हाताखाली नकोत. हेडमास्तर सज्जन पण घाबरट होते. त्यांनी नारबा मास्तरांना बोलावलं, आणि साक्षीला मला बसवलं.

"घराण्यात आहे, हे खरं का?"

"खरं."

"मग... तुम्हाला?"

"अजून न्हाई. आलं तर रजेचा अर्ज देईन. ताप आल्यावर देतो तसा."

हेडमास्तरांना कपाळावर हात मारावा की हसावं कळेना. पण मास्तर बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. व्हरांड्यात उभं राहून म्हणाले, "जोशी मास्तर, शाळेत दोन वर्सं म्या हे झाकून ठिवलं. नोकरी जाईल म्हणून. आन् काल भर बाजारात उघडं केलं. दादाला तरी कुठं इचारलं म्या?"

"गणपादादा काय म्हणाले?"

"घरी जाताना म्हनला, नारबा, लई बोलतोस तू. पर आज बरं बोललास."

त्या दोन पोरांना तिसरीतून काढून माझ्या वर्गात बसवायचं ठरलं. बसवलं. भिंतीपलीकडून नारबा मास्तरच त्यांना शिकवत राहिले. महिन्याभरात दोन्ही बापांच्या हे लक्षात आलं आणि पोरं निमूट परत गेली. तुळशीरामशेठ आधी चिडले होते, पण पुढच्या बाजारी तोच सिनेमा पुन्हा लावा म्हणून लोक मागे लागले. "मास्तरांचा", असं बजावून.

काही वर्षं गेली. सिनेमा बोलायला लागला आणि मास्तरांचं स्टूल अडगळीत गेलं. त्यांना वाईट वाटलं असावं, पण म्हणाले एवढंच, "आता पाट्या स्वतःच वाचून दाखवतात."

आणि एके दिवशी एक कंपनी भोरातच येऊन दाखल झाली. धाकट्या सरकारांवरच बोलपट काढायला. गावातल्या निम्म्या बाप्यांना भाले मिळाले. चाळीस मावळ्यांना एका दमात 'हर हर महादेव' म्हणायला कोण शिकवणार, या प्रश्नाचं उत्तर अर्थात एकच होतं.

सरकारांची भूमिका करणारे नट वसंतराव म्हणून होते. गोरेगोमटे, थोडे सुटलेले, स्वभावानं गरीब. रोज सकाळी ते नीरेच्या घाटावर वेड्याच्या हसण्याचा सराव करत. तिसऱ्या दिवशी धुणं धुणाऱ्या बाया हेडमास्तरांकडे तक्रार घेऊन आल्या. हेडमास्तरांकडे का, ते देव जाणे. त्यांनी नारबा मास्तरांना पाठवलं. मास्तर घाटावर गेले, वसंतरावांचं हसणं संपेपर्यंत थांबले, घड्याळ मिटलं आणि म्हणाले, "दम चांगला हाय. रविवारी मोकळे आहात का?"

रविवारी आम्ही तिघं मार्गासनीला गेलो. गणपादादा अंगणात खुंट्याला बैल बांधत होते. त्यांनी पाव्हण्यांना नीट न्याहाळलं.

"तुमी येडे व्हनार म्हनं?"

वसंतराव ओशाळले. "हो. म्हणजे, चित्रात."

"किती दिस?"

"दोन दिवसांचं काम आहे."

"मग बरं हाय," गणपादादा मनापासून म्हणाले. "मला सा महिने लागले व्हते."

वसंतरावांना हसावं की नाही कळेना. गणपादादाच हसले, म्हणून मग सगळे हसलो. जेवायला बसल्यावर वसंतरावांनी धीर करून विचारलं, तेव्हा हसू येतं का? आपोआप?

"न्हाई वो. हसायला लई ताकद लागती. कूस बदलायची ताकद नसती, हसायचं कुठलं?"

भाकरी वाढता वाढता कोंडावहिनी म्हणाली, "तुमी हसून दावता, त्ये सोपं. ह्ये सकाळी मुंडासं मांडीवर घिऊन बसायचे. कुठलं टोक आदी घ्यावं, तेच सुचायचं न्हाई. म्या शेतावर जाऊन यायची, दिस डोक्यावर यायचा, आन् मुंडासं तसंच. त्ये दावा."



दोन दिवसांनी राजवाड्यामागच्या चौकात तो प्रसंग घेतला. मावळ्यांचे गुरू म्हणून मास्तर तिथं होते, आणि मास्तर होते म्हणून मी. मुलगा गेल्याची खबर येते. सरकारांनी भेसूर हसायचं असं ठरलं होतं. वसंतराव हसले नाहीत. त्यांनी पागोटं काढलं, मांडीवर घेतलं, एक टोक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. तेही ठेवलं. बस. आजूबाजूचे भालेवाले मावळे बघत राहिले.

डायरेक्टर तणतणत आले. "हे काय? माणूस पागोटं बांधतोय असं वाटतं!"

"बांधतोय कुठं?" मास्तर बाजूनं म्हणाले. "त्याला बांधता येत न्हाई."

"हे प्रेक्षकांना कसं कळणार?"

"तुमाला कळलं की."

"मला तुम्ही आत्ता सांगितलंत म्हणून कळलं!" डायरेक्टर म्हणाले. "प्रत्येक थेटरात मी तुम्हाला उभं करू का?"

शेवटी वसंतरावांनीच तोड काढली. हसण्याचा प्रसंग देतो, पण हाही ठेवा. डायरेक्टरांनी खांदे उडवले. बघू म्हणाले.

बोलपट भोरात लागला तेव्हा गणपादादांचे दिवस वाईट चालले होते. पुन्हा ते गप झाले होते. मास्तर दर शनिवारी चालत घरी जात आणि सोमवारी परत येत, आणि तिसरीचा वर्ग मला कित्येकदा ऐकूच येत नसे. तरी त्या दुपारी कोंडावहिनी आली. नवऱ्याजवळ सुनेला बसवून, एकटी. "पाव्हण्यांनी आमची भाकर खाल्ली हाय," म्हणाली, "काय दावलं बगते."

सरकारांना खबर आली आणि कर्ण्यातून हसणं सुरू झालं. काय ते हसणं! पत्रे थरथरले. पूर्वीच्या त्या मुक्या नाचापेक्षा दसपट. आणि मास्तर माझ्या शेजारी नुसते बसले होते. यंत्राच्या आवाजापुढे त्यांचाही आवाज पोचला नसता. मी धास्तावून थेटराकडे बघितलं.

कुणी हसलं नाही. हसणं थांबताच मागून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "ह्यो हसतुया कशाला? सरकार तर माडीवर जाऊन गप बसलं व्हतं!"

"व्हय की," दोन-चार जण म्हणाले. "मास्तरनी सांगितलं व्हतं."

मास्तर खुर्चीत ताठ झाले. आणि लगेच पुढचं दृश्य आलं. वसंतराव, मांडीवर पागोटं, बोटात एक टोक. मग दुसरं. कर्णा गप्प होता. मास्तरांच्या हातात घड्याळ होतं. बावीस सेकंद. मग घोडे दौडायला लागले आणि लढाई सुरू झाली.

"आता बराबर," कोंडावहिनी म्हणाली. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती उठली. मास्तर म्हणाले, "वैनी, अजून अर्धा खेळ हाय."

"बगा तुमी. म्या जाते. त्यांची जेवायची येळ व्हईल." आणि लढाईच्या ऐन रंगात ती लोकांचे गुडघे ओलांडत बाहेर पडली.

पुढे माझी बदली झाली. मास्तर निवृत्त होऊन मार्गासनीला गेल्याचं कळलं होतं. काही वर्षांनी वेल्ह्याला एका लग्नाला गेलो असताना परतीच्या वाटेवर त्यांच्याकडे उतरलो. सर्व्हिस मोटार पुढच्या फेरीला मला घेणार होती, म्हणजे तासाभराची भेट. गणपादादा दोन वर्षांपूर्वी गेले होते. "तापानं," मास्तर दोनदा म्हणाले. "नुसत्या तापानं. शेवटच्या सालात ताल घातली त्यानं, ती बघा." वरच्या खाचराचा दगडी बांध त्यांनी बोटानं दाखवला. सरळ, भक्कम.

ओसरीवर एक तरणाबांड माणूस बसला होता आणि त्याची बायको कोंडावहिनीजवळ हळू आवाजात बोलत होती. शिवऱ्याहून आली होती. दिवाळीपासून नवरा बोलत नव्हता.

"तुम्ही औषध देता?" मी मास्तरांना बाजूला विचारलं.

"छ्या! माझ्याकडं कसलं औषध? लोक आणून बसवतात. म्या पण बसतो."

"आणि बोलता काय?"

"काहीच न्हाई," ते म्हणाले. आणि हे त्या आवाजाच्या माणसानं सांगावं!

रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. मी घाईनं निरोप घेतला, धावत जाऊन मागच्या बाकावर जागा धरली. मोटार लगेच निघाली नाही. कुणाचं तरी कोंबड्यांचं डालगं वर चढत होतं. खिडकीतून ओसरी दिसत होती. मास्तर त्या माणसाशेजारी, त्याच्यासारखेच गुडघ्यांभोवती हात घालून बसले होते. दोघांच्या मध्ये हातभर अंतर. पाच-सात मिनिटं तशीच गेली असतील. मग त्या माणसानं हात उचलला आणि खाली गुंजवणीच्या बाजूला कुठंतरी बोट दाखवलं. ओठ हलले की नाही, एवढ्या लांबून कळलं नाही. बायको ओट्यावरून धडपडत उठली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

मास्तर मात्र त्याच्याकडे बघत नव्हते. कपाळावर हाताची सावली धरून, मान लांब करून, तो दाखवत होता तिकडे नदीवर काय आहे, ते शोधत होते.